तोंडाला रुमाल बांधलेला नवरा

माझं लग्न ठरलं तेव्हा माझे दोन्ही गाल पुटकुळ्यांनी भरले होते. मुलाकडं पाठवलेल्या फोटोत मात्र एकही नव्हती. ती मोबाईलची करामत. बघायच्या कार्यक्रमात मी मान वर केलीच नाही, तर सगळे म्हणाले, पोरगी लाजाळू आहे. चोरून पाहिलं, तर मुलगाही सगळा वेळ पोह्यांच्या बशीकडंच बघत होता. तोही लाजाळू असेल, असं मला वाटलं.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी मेडिकलमधून अँटिबायोटिकचं एक मलम आणायचे. फरक पडला की बंद, पुन्हा उठल्या की सुरू. पुढं पुढं त्यानं काहीच होईना. तेव्हा आई मला आटपाडीहून सांगलीला त्वचेच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

दवाखान्यात समोर एकजण तोंडाला रुमाल बांधून बसला होता. आईला बघताच तो उठला आणि पाया पडायला वाकला. तेवढ्यात रुमाल सुटला. बिचाऱ्याला लपायचं होतं, पण संस्कार आडवे आले. माझा होणारा नवरा होता तो! साताऱ्यात ओळखीचं कुणी बघेल म्हणून शिरवळच्या कंपनीतून रजा काढून एवढ्या लांब आलेला.

"आवं, तुमी हितं कसं?" असं विचारता विचारता आईची नजर त्याच्या पुटकुळ्यांनी भरलेल्या गालांवर गेली.

मग आम्ही एकत्रच आत गेलो. त्याच्या खिशातून मी लावायचे तेच मलम निघालं. डॉक्टरांनी समजावलं, की हे नुसतं आणि असं धरसोड करत लावलं की कातडीवरचे कच्चे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि तेच वाढतात. त्यांनी दुसरं मलम लिहून दिलं. रोज रात्री लावायचं, गुण यायला तीन महिने लागतील, म्हणाले.

"पण लग्न पुढच्या महिन्यात आहे," तो म्हणाला.

"मग करा की लग्न. मलम मात्र थांबवू नका."

त्यानंतर रोज रात्री त्याचा फोन यायचा. मैत्रिणींना वाटायचं, काय गोड बोलणं चाललंय. तो विचारायचा, "लावलं का?"

लग्न पुटकुळ्यांसकट झालं. माझा चेहरा हळूहळू निवळला. यांना जास्त वेळ लागला, कारण जरा बरं दिसलं की मलम बंद करायची खोड सुटेना. शेवटी मीच रात्री बोटावर मलम घेऊन समोर उभी राहायला लागले. हे डोळे मिटून, शिक्षा झाल्यासारखे, गाल पुढं करायचे.