लाल घागऱ्यातलं पोट्टं

वाशीमजवळच्या मालेगावच्या एसटी स्टँडमागे माझं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या भिंतीला लागून सुगराबीचं अंगण. मी तिला चाची म्हणतो. मी कॉम्प्युटरवर बसतो तिथली खिडकी त्या अंगणातच उघडते. तिनं हिरवे दुपट्टे वाळत घातले की माझी खोली हिरवी व्हायची, पिवळे घातले की पिवळी. गिऱ्हाइकाचे फोटो दुरुस्त करताना मला आधी उठून पाहावं लागे, की आज चाचीच्या दोरीवर काय आहे.

सुगराबी सत्तरीची रंगारीण. नवरा गफ्फार जाऊन बारा वर्षं झालेली, तेव्हापासून चुली आणि घंगाळं एकटीच सांभाळायची. विटलेली साडी, लग्नाचा फेटा, बुरख्याची ओढणी, काहीही आणा. नुसता एक दोरा दाखवला तरी तसाच रंग काढून द्यायची. मुलगा इमाद वाशीमला, टायरच्या दुकानात. ईदला यायचा, जेवायचा, जायचा. दोघांत भांडण नव्हतं, पण बोलणंही फारसं नव्हतं.

तिची एकच सवय मला कळत नसे. निळं, पिवळं दोरीवर टाकून ती खुशाल बाजारात जायची. लाल कापड असलं की मात्र दोरीखाली बाज टाकून ते वाळेपर्यंत बसून राहायची. नमाजालासुद्धा तिथंच चटई.

मी एकदा म्हटलं, "चाची, वाऱ्यानं उडत असन तर चिमटे लाव ना."

"लाल कापड वाऱ्यानं नाही जात, विकास," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मागच्या डिसेंबरात निकिता आली. मेडशीजवळच्या तांड्यावरच्या हरिसिंगची मुलगी. चार वर्षं झाली, आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नर्स आहे. महिनाभराच्या सुट्टीवर आली होती. मोबाइलमधला एक फोटो मोठा काढून हवा होता.

फोटोत दगडांची बुटकी भिंत, मागे करडा समुद्र. भिंतीपुढे दोन पोरी, एक तेरा-चौदाची, एक पाच-सहाची. मोठीनं डोक्यावरून काळपट शाल घेऊन टोकं छातीवर आडवी बांधलेली, कमरेला निळ्या चौकटीचं फडकं. दोघींच्या अंगात जाड लोकरीचे लाल घागरे. पाय उघडे. तो लाल असा, की बाकीचा फोटो थंडीनं काकडतो आहे आणि तेवढीच जागा गरम आहे असं वाटावं.

"रंग कोनं भरले?" मी विचारलं. "जुन्या फोटोत भरते तसे?"

"भरले नाही, भाऊ. एकोणीसशे तेराचा हाये, रंगीतच निघाला. काचेवर काढत तवा. बटाट्याच्या पिठाचे बारीक कण रंगवून काचेवर पसरत, त्यातून उजेड जाये."

मी फोटो मोठा करत गेलो. खरंच, लाल कुठंच उरला नाही. नारिंगी, हिरवे, जांभळे ठिपके नुसते, रांगोळी सांडल्यासारखे. निकिता म्हणाली, फोटो निघेपर्यंत माणसाला बराच वेळ हलता येत नसे. मोठी पोरगी स्वच्छ आली होती. लहानीचा चेहरा मात्र पुसट, दोनदा उमटल्यासारखा.

निकिताला चाचीकडेही काम होतं, म्हणून मी खिडकीतून हाक मारली. चाची हात पुसत आली आणि फोटोपुढे उभी राहिली.

"दोघी बहिनी," मी म्हटलं.

"एकच बहीन हाये. लहानी पोट्टी नोय. पोट्टा हाये तो."

निकिता तिच्याकडे वळली. "चाची, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनी कायले सांगन? पोरीचे कपडे पोराच्या अंगावर कसे बसते, मले माईत हाये."

मग निकितानं सांगितलं ते असं. तिच्या आश्रमात डीलिया नावाची पंचाण्णव वर्षांची बाई आहे. फोटोतली मोठी मुलगी ही डीलियाची आई, आणि लहानगा तिचा मामा. त्यांच्या गावाबाहेर एक गवताळ टेकाड होतं. त्याच्या आत राहणारे मुलगे नेतात, मुली नेत नाहीत, असं तिथली माणसं मानत. आतल्यांचं नाव कोणी घेत नसे. म्हणून मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला बहिणीसारखाच लाल घागरा घालत. फोटोवाल्याबरोबर शहरातला एक माणूस आला होता. पोराच्या अंगात घागरा बघून तो खो खो हसला. ते बापाला लागलं. दुसऱ्याच रविवारी त्यानं पोराला विजार घातली. दीड महिन्यानं पोरगा मेंढी हुडकायला गेला तो आला नाही. समुद्रात शोधलं, खड्ड्यांत शोधलं. काही सापडलं नाही.

"डीलियाची आई मंग दरसाली जानेवारीच्या शेवटच्या रात्री त्या भिंतीवर लाल कापड ठेवे. भावाले कपडा मिळाला तर घरी यीन म्हून. आई गेल्यावर डीलिया ठेवते. पन म्हनते, बाजारचा लाल सकाळी जसाच्या तसा राह्यते. तो जुना लाल पायजे. मले आमच्या आजीचा, सुंदरबाईचा, फेटिया आठोला, आमच्या तांड्यावरचा घागरा. असाच रंग होता. आजी म्हने, मालेगावच्या रंगाऱ्याचा हाये."

"माह्या सासऱ्याचा हात तो," चाची म्हणाली. "आलीच्या मुळाचा."

निकितानं पिशवीतून पांढरं लोकरी कापड काढलं, दोन हातांचं. चाचीनं ते घेतलं, पण चेहरा उतरला होता.

आलीचं झाड आता कोणी लावत नाही. केनवडच्या रस्त्याला जगदेव नावाच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक उरलं होतं. मी चाचीला मोटरसायकलवर घेऊन गेलो. तिनं स्वतः खणून करंगळीएवढी मुळं काढली, मोठ्या मुळांना हात लावला नाही. तोडताच आतून पिवळी निघाली. घरी येऊन कुटली. कापड एक दिवस तुरटीच्या पाण्यात ठेवलं, मग मंद विस्तवावर चार दिवस रंग चढवत होती. पाचव्या दिवशी दुपारी कापड दोरीवर आलं. माझ्या खोलीची भिंत, टेबल, माझे हात, सगळं लाल झालं. मी फोटोशी ताडून पाहिला. तोच रंग.

चाची बाजेवर बसली होती. निकितानं डीलियाला व्हिडिओवर लावलं. इकडे दोन वाजले होते, तिकडे नुकतं उजाडत होतं. म्हातारी खुर्चीत, खांद्यावर चादर. निकितानं मोबाइल कापडाकडे फिरवला. म्हातारी कापडाकडे बघत हळू आवाजात काही म्हणाली. निकितानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. म्हातारीनं तेच पुन्हा सांगितलं.

"काय म्हनते?" मी विचारलं.

"रंग बरोबर हाये म्हनते. अन् म्हनते, कापडामांगं उभी हाये ते पोरगी कोनाची? तिले थंडी वाजून राह्यली."

कापडामागं कोणी नव्हतं. भिंत होती, हौद होता. कापड जमिनीपासून दोन हात वर होतं, खालून सगळं दिसत होतं. वारा नव्हता. तरी कापडाची खालची एक कड आत ओढल्यासारखी होती आणि आमच्या डोळ्यांदेखत ती सुटून सरळ झाली.

"म्हातारीले कमी दिसते," निकिता घाईनं म्हणाली आणि फोन बंद केला.

चाची उठली नाही. तिनं फक्त मला सांगितलं, "इमादले फोन लाव. म्हन, आजच ये."

इमाद पाचच्या गाडीनं आला. चाळिशीचा, दणकट, कमी बोलणारा. आईला काही झालं म्हणून घाबरून आला होता. मायलेकरं घरात आपसात उर्दू बोलतात, पण त्या दिवशी आम्ही दोघं तिथं होतो म्हणून असेल, चाची वऱ्हाडीतच बोलली.

"बस. तुले एक सांगाचं राह्यलं हाये. तुह्याआधी माहे दोन पोरं गेले. पाळन्यातच. तू झाला तवा सासू म्हने, याले पोरगी म्हना, म्हंजे पोरं नेनारे फसन. मन्नत केली, नाक टोचलं, आलीच्या लाल कापडाचा फ्रॉक शिवला. सहा वर्सं तुले छोटी म्हनलं. आल्यागेल्याले सांगतलं, पोरगी झाली."

इमाद बाजेच्या कडेवर टेकला.

"शाळेत टाकाचं झालं तवा तुले चड्डी-शर्ट घातला. फ्रॉक धुवून ह्याच दोरीवर टाकला. दुपारी पाह्यलं तं फ्रॉक नाही. छपरं पाह्यले, विहीर पाह्यली. तवापासून लाल कापड दोरीवर टाकलं का कोनीतरी येते. मी पाह्यलं नाही कवा, पन येते. तू वाचला, बेटा. पन ज्यायले फसवलं त्यायनं काय नेलं अन् काय ठेवलं, मले समजत नाही."

इमाद म्हणाला, "अम्मी, छोटी मी नव्हतो."

"मी सांगून राह्यली ना."

"नाही. छोटी माही बहीन होती. मले आठोते. ह्या हौदाजवळ आमी चिचोके खेळत जावो. ती डाव्या हातानं खेळे. तिच्या नाकात नथनी होती."

"नथनी तुह्या नाकात होती."

त्यानं नाकपुडीला हात लावला. बुजलेल्या भोकाची बारीक खूण तिथं होती. रोज लोकांचे चेहरे पाहणारा माणूस मी, मला ती कधी दिसली नव्हती.

"शाळेत गेलो त्या दिवशी ती दारात उभी होती," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मले म्हने, माहा फ्रॉक दे. मी म्हनलं, दोरीवर हाये. संध्याकाळी मी तुले विचारलं, छोटी कुठी गेली? तू मले मारलं. मंग मी कवाच विचारलं नाही. मले वाटे, ती मेली अन् तुमी सांगत नाही. इतके वर्सं तेच वाटत होतं."

चाचीनं तोंडाला पदर लावला. मारल्याचं तिला आठवत होतं हे दिसत होतं. निकिता माझ्या शेजारी होती, तिनं माझ्या शर्टाची बाही धरली होती. दोरीवरचं कापड एव्हाना वाळलं होतं, पण कोणी काढायला उठेना. शेवटी इमादच उठला. त्यानं कापड काढलं, घडी केली आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"तिले थंडी वाजते म्हनली ना ते बाई?" त्यानं निकिताला विचारलं.

दुसऱ्या दिवशी चाचीनं कापडाचे दोन भाग केले. मोठा निकितानं नेला. लहान्याचा तिनं फ्रॉक शिवला, सहा वर्षांच्या मापाचा, आणि दोरीवर टाकला. त्या दिवशी मात्र बाज आत उभी करून दार ओढून बसली. मीही खिडकी बंद केली. दिवसभर अंगणात कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी दोरी मोकळी होती.

फेब्रुवारीत निकिताचा फोन आला. कापड डीलियाच्या भिंतीवर ठेवलं होतं, सकाळी नव्हतं. "समुद्र जवळ हाये, वाराबी लय होता," असं ती मला म्हणाली, आणि मीही हो म्हटलं. डीलियानं ऐकून नुसती मान हलवली. पुढच्याच महिन्यात ती झोपेत गेली.

एप्रिलमध्ये इमाद आईला वाशीमला न्यायला आला. डिसेंबरपासून तो दर शुक्रवारी तिच्याकडे येऊन बसायचा, म्हणून ती कुरकुर न करता तयार झाली. घंगाळं, पाट्या, ट्रंक पिकअपमध्ये चढली. इमाद कुलूप लावू लागला तशी चाची म्हणाली, "कुलूप नोको."

"उघडं ठेवाचं?"

"कडी लाव. पन खाली लाव. एवढी." तिनं कमरेच्याही खाली हात धरला. "तिचा हात पुरला पायजे."

मला वाटलं, इमाद समजूत घालील. त्यानं गाडीतून पेचकस काढला, उकिडवं बसून वरची कडी सोडवली आणि आई म्हणाली तिथं बसवली. मग दोनदा उघडझाप करून पाहिली, जड जात नाही ना म्हणून.