आंधळगाव ते करडी, ताणलेल्या क्लचवर

मोहाडी सोडल्यावर माझ्या मोटारसायकलची क्लच केबल तुटली, तेव्हा मनात पहिला विचार साडूचा आला. गाडीचा नंतर.

दिवस रविवारचा होता. दिवाळी होऊन गेली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आला होता. बायको दोन दिवस आधीच माहेरी आंधळगावला गेली होती, मी भंडाऱ्याहून निघालो होतो. दुपारी करडीला धाकट्या मेहुणीच्या सोयरिकीची सुपारी फुटायची होती. शुभकामाला तीन माणसं जात नाहीत, म्हणून चौघं जाणार होतो: सासरे, त्यांचे धाकटे भाऊ, साडू आणि मी. गाड्या दोन, माझी आणि साडूची. सासरे माझ्या मागे बसून करडीत उतरतील, हे मी आठवडाभर आधी फोनवर ठरवून घेतलं होतं. गाडी बिघडली तर ते साडूच्या मागे बसणार, हे कोणी ठरवण्याची गरज नव्हती.

गाडी ढकलत मागे मोहाडीला नेली. केबल मिळाली, मिस्त्री मिळाला नाही. तो शेतावर गेला होता. केबल खिशात घातली, गाडी पळत ढकलली, सुरू होताच बसलो आणि क्लचशिवाय पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तिला आंधळगावला आणलं.

त्या घरातला मी थोरला जावई. मला पाट मिळे, पहिलं ताट मिळे. सासरे कोसा रेशमाचे विणकर, शब्दाला जपणारे. मी एका दैनिकात बातमीदार, म्हणून मी आलो की ते पेपर उघडून समोर बसत आणि देशाचं कसं चाललं आहे ते विचारत. साडू चिखल्याच्या मँगनीज खाणीत फिटर होता. तो आला की सासरे उठून त्याच्यामागे घरभर हिंडत. पंखा, पंप, मागाची सैल झालेली फळी, सगळं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं असे. मला ते 'जवाईबापू, तुमी' म्हणत, त्याला 'तू'. भंडारा जिल्ह्याचे दोन झाल्यावर आमच्या दैनिकाचं जिल्ह्याचं पान आकसलं होतं. नव्या जिल्ह्यात गेलेल्या आमगाव-देवरीच्या बातम्या दुसऱ्या कचेरीत गेल्या आणि सासऱ्यांच्या प्रश्नांना देण्यासारखी माझी उत्तरंही कमी झाली. पंखे मात्र बिघडत राहिले.

मी अंगणात शिरलो तेव्हा साडू ओसरीवर चहा पीत होता.

"काय झालं भाऊ? गाडी रडत रडत आली."

"केबल तुटली."

"आना इकडं. दोन मिनिटांत टाकून देतो."

"मी टाकतो."

बायको दारात उभी होती. "टाकू द्या त्यायले," ती साडूला म्हणाली. "बातमीत किती पूल बांधले त्यायनं, एक केबल काय जड हाये?"

साडू हसला. मी हसलो नाही. दहाचा पाना मागितला. तो त्याच्याच डिकीतून आला.

जुनी केबल काढली. नवीचं खालचं टोक इंजिनाजवळच्या छोट्या दांडीत अडकवलं, केबल टाकीखालून वर आणली, वरचं टोक हँडलच्या लिव्हरमध्ये बसवलं. काम चुकलं नव्हतं. सासरे स्टूल घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसले. माझं कोणतंही काम पाहायला ते पहिल्यांदाच बसले होते. त्यांनी दोन बोटांनी लिव्हर हलवून पाहिली. तिचं टोक बोटभर नुसतंच हलत होतं, त्यानंतर केबल ओढली जात होती.

"हे फुकटच हालून राहिलं जी," ते म्हणाले. "ढिली हाये."

त्यांचं आयुष्य मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणण्यात गेलं होतं. ताण्याचा एक धागा सैल राहिला तर कापडात कुठे दिसेल, हे ते न पाहता सांगत. बोटांची मागची बाजू केबलवरून फिरवत ते म्हणाले, "ताण अजून."

मी नट फिरवला.

"अजून. ढिला धागा कामाचा नाई. हां, ताण."

ते मला 'ताण' म्हणाले होते. 'ताणा' नव्हे.

"मामाजी, थोडी चाल राहू द्या लागते क्लचले," साडू ओसरीवरून म्हणाला.

"तू चूप बस. आमचं चालू हाये."

"भाऊ, एवढी नका ताणू," तो मला म्हणाला.

"खाणीतल्या मशिनीले लागत असन चाल," मी म्हटलं, आणि आणखी दोन आटे फिरवून नट आवळला. लिव्हरची ती बोटभर चाल गेली. सासऱ्यांनी पुन्हा बोटं लावली आणि मान डोलावली. ती डोललेली मान साडूला दिसली का, ते मी पाहिलं.

जेवणं करून निघालो. सासरे धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून माझ्या मागे बसले. साडूच्या मागे चुलतसासरे, म्हणजे काकाजी, त्यांच्या मांडीवर लुगड्याची आणि मिठाईची पिशवी. गावाबाहेर पडेपर्यंत गाडी बरी चालली. मी मुद्दाम पुढे राहिलो.

मोहाडी मागे पडल्यावर फरक जाणवू लागला. रेस द्यावी तसा आवाज वाढे, वेग वाढत नसे. नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या चढावर इंजिन ओरडत होतं आणि गाडी बैलगाडीच्या चालीने जात होती. साडू शेजारून पुढे गेला. काकाजींनी जाता जाता हात केला. मग जळका वास आला.

"जवाईबापू, गाडी काहून चिल्लावून राहिली?"

मी पुन्हा जवाईबापू झालो होतो.

"उतरा मामाजी. पाहतो."

ते धोतर सावरत उतरले आणि पुलाच्या अलीकडे, धुळीत उभे राहिले. मी पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर केला. चोक पाहिला. प्लगची टोपी काढून परत बसवली. मागचा ब्रेक धरून राहिला असेल म्हणून चाक हाताने फिरवलं. ते मोकळं फिरलं. कार्बोरेटरमध्ये कचरा असावा, असं मी सासऱ्यांना सांगितलं. बातमी तपासताना मी प्रथम एकच प्रश्न विचारतो: काल नव्हतं असं आज काय झालं? त्या दिवशी या गाडीत एकच गोष्ट नवी होती. ती सोडून मी बाकी सगळ्या गोष्टी तपासल्या. केबलवर संशय घ्यायचा तर साडू बरोबर होता हे मान्य करावं लागलं असतं, आणि अंगणातलं ते 'ताण' चुकीचं होतं हेही.

सासरे मोकळ्या रस्त्याकडे पाहत होते. "तो येईन वापस," ते म्हणाले.

तो आला. गाडी लावली, काकाजींना सावलीत बसवलं आणि माझ्या गाडीजवळ उकिडवा बसला. दोन बोटं लिव्हरला लावली.

"चाल नाई."

मग इंजिनाजवळची दांडी अंगठ्याने दाबून दाखवली. "हे पाहा भाऊ. दांडी ओढलेलीच हाये. तुमी आंधळगावपासून अर्धा क्लच दाबूनच गाडी चालवून राहिले. प्लेटा घसरून राहिल्या. इंजन फिरते, चाक कायले फिरन?" त्याने हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवलं. एका बाजूला केबल आणखी ताणली जात होती. "अन् वळणावर तर अजून. कोणं एवढी..."

तो थांबला. कोणी, हे त्याला माहीत होतं. तो ओसरीवर होता.

"नवी केबल असली का होते असं," तो म्हणाला.

हे खरं नव्हतं. नवी केबल वापराने थोडी लांबते, सैल होते. आपोआप आवळली जात नाही. एवढं मलाही कळत होतं. तो सासऱ्यांना वाचवत होता. मला वाचवत असता तर मी त्याला सहज क्षमा केली नसती; पण तो मला वाचवत नव्हता.

"केबलचं नाव कायले घेतं?" सासरे म्हणाले. "मीच ताण ताण म्हटलं."

"मागावर तसंच लागते ना मामाजी."

"तुह्या खाणीत ढिलं चालते काय?"

"ढिल्यावरच चालते सारी खाण."

दोघं हसले. सासरे असे हसतात हे मला माहीत नव्हतं. खालचा एक दात नाही हेही तेव्हाच दिसलं. चूक माझी आणि त्यांची होती. अंगणात त्या चुकीवर आम्ही दोघंच बसलो होतो. हसताना मात्र ते दोघं होते आणि मी गाडीच्या पलीकडे उभा होतो.

साडूने इंजिन थंड होऊ दिलं. नट सैल केला, केबल मोकळी केली, लिव्हरचं टोक पुन्हा बोटभर हलू लागलं तेव्हा नट आवळला. हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं. गाडी चालू करून चढावर थोडी वर नेऊन आणली. गाडीने चढ सहज घेतला.

"प्लेटा वाचल्या," तो म्हणाला. हात रुमालाला पुसले आणि सासऱ्यांकडे वळला. "बसा मामाजी, मोठ्या भाऊच्याच गाडीवर. करडीवाल्याईले मोठे जवाई दिसले पायजे पयले."

सासरे माझ्या मागे बसले. आठवडाभर जे मला हवं होतं ते मिळालं, आणि ते त्याने दिलं.

करडीत मंडळी फाटकाशी उभी होती. पाय धुवायला पाणी आलं, सतरंजी आली. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "उशीर झाला जी? वाट पाहून राहिलो होतो."

"गाडी बिघडली होती वाटेत," सासरे म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे आमचे मोठे जवाई. पेपरात हायेत. यायनंच दुरुस्त केली, रस्त्यावर बसून. पेपरवाले, पण हात चालते."

"असं काय!" मुलाचे वडील म्हणाले. बैठकीतल्या चार-पाच जणांनी माझ्याकडे पाहिलं.

मी साडूकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. त्याच्या नखांत अजून काळं होतं. माझे हात स्वच्छ होते. याहून लहान चुकांचे खुलासे मी पेपरात माझ्या हाताने चौकटीत छापले होते.

"छोटं काम होतं," मी म्हटलं.

साडूने बशी तोंडाला लावली. सुपारी फुटली. पहिलं ताट माझ्यासमोर आलं. मी जेवलो.

निघताना ऊन कलायला आलं होतं. कोण कुठे बसणार हे कोणी बोललं नाही. सासरे निरोप घेऊन फाटकाबाहेर आले, माझ्या गाडीच्या बाजूने पुढे गेले आणि साडूच्या गाडीजवळ उभे राहिले.

"दादा, तिकडं काय?" काकाजींनी विचारलं.

"इकडं पाय ठेवाले बरं हाये," सासरे म्हणाले.

काकाजी माझ्या मागे बसले आणि धानाच्या भावाबद्दल, नव्या सोयऱ्यांच्या बैलांबद्दल बोलत राहिले. क्लच उत्तम चालत होता. पुलावरून उतरताना आणि नंतरच्या चढांवरही गाडीने एकदाही दगा दिला नाही. मी पन्नास-साठ पावलं मागे होतो. सासरे पुढे झुकून काही सांगत होते, साडू मान मागे वळवून उत्तर देत होता. त्यांचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता.

माझ्या मागे बसून करडीला येताना त्यांनी सगळा रस्ता दोन्ही हातांनी गाडीचं कॅरिअर धरलं होतं.