कलशेट्टी बाई आणि मी न दिलेल्या भेटी

कलशेट्टी बाई अहवालाची वही वाचण्याआधी तिचा वास घेत. वही उघडायची, मधल्या पानात नाक घालायचं, डोळे मिटायचे आणि मग आमच्याकडे बघायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आम्हाला हसू आवरेना. बाई शांतपणे म्हणाल्या, "विडीवालीच्या घरी तासभर बसलेली वही तंबाखूचा वास सोडत नाही. बोलणारं माणूस खोटं बोलेल, वही कशाला बोलेल?"

सोलापुरात तेव्हा बी. एस. डब्ल्यू.चा अभ्यासक्रम नवा होता. मंगळवेढ्यात माझ्या वडिलांना कुणी विचारलं की मुलगा काय शिकतो, तर ते म्हणत, "समाजसेवा शिकतोय." समोरचा विचारायचा, "ती शिकावी लागती व्हय?" वडील एस.टी.त कंडक्टर होते. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मी नापास होणं हे घरात कुणाच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

आठवड्यातले दोन दिवस आम्हाला फील्डवर्क असे. प्रत्येकाला एक-दोन कुटुंबं नेमून दिलेली. त्यांच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि परत आल्यावर कोण काय म्हणालं ते आठवेल तसं शब्दशः वहीत उतरवायचं. शनिवारी बाई ते तपासत. त्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, वर्गात मराठी. साधारण चाळिशीच्या, एकट्या राहणाऱ्या, उन्हाळ्या-पावसाळ्यात काळी छत्री घेऊन चालणाऱ्या. आमच्या प्रत्येक वाक्यावर त्यांचा एकच कानडी शब्द यायचा, "हौदा?" म्हणजे, असं का? तो इतक्या सावकाश यायचा की खरं सांगणाऱ्यालाही घाम फुटावा.

"बाई, त्यांनी चहा दिला."

"हौदा? साखरेचा का गुळाचा?"

वस्तीत पेन खिशाबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नियम. आणीबाणीचे दिवस होते. हातात वही घेतलेला शर्ट-पँटवाला दिसला की पुरुष मागच्या दाराने पसार होत. नसबंदीवाले आले, अशी ओरड गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. बाया दार अर्धं लोटून विचारत, "काय पायजे? मालक घरी नाय." बाई म्हणत, "ते संशय घेतात ते बरोबरच आहे. तुम्ही कोण त्यांचे? आधी चार वेळा नुसते बसून या."

माझ्याकडे मल्लेशम आणि नरसम्मा यांचं घर होतं. तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब. मल्लेशम यंत्रमागावर कामाला होता, पण टी.बी.मुळे घरी बसलेला. नरसम्मा विड्या वळायची. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. मल्लेशम दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतो की नाही, हे दर आठवड्याला बघायचं एवढंच माझं काम.

मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी मल्लेशमला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेचना. नरसम्माने माझ्यापुढे चहाची बशी ठेवली होती. त्या बशीला हात लावायची मला भीती वाटली. "उशीर झाला" म्हणून मी उठलो. त्यानंतर वस्तीच्या अलीकडे एक हॉटेल होतं, तिथे बसून मी अहवाल लिहू लागलो. मला लिहिता बरं येत होतं. मल्लेशम उंबऱ्यावर उन्हात बसलेला, नरसम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली, असं सगळं रंगवून मी लिहायचो. वासाची सोयही केली होती. एक विडीचं बंडल घेतलं, दोन-तीन विड्या चुरगाळून वहीत घातल्या.

असा तिसरा अहवाल दिला त्या शनिवारी बाईंनी वही हुंगली. मधल्या शिवणीतून तंबाखूचा चुरा नखाने काढला आणि टेबलावर ठेवला.

"मल्लेशम काय म्हणाले?"

"इंजेक्शनला नियमित जातो म्हणाले, बाई."

"खोकला?"

"कमी आहे."

"हौदा?" त्यांनी चुऱ्याकडे पाहिलं. "ही तंबाखू भाजलेली आहे, माने, दुकानातल्या विडीची. वळणाऱ्या बायकांच्या सुपातली अशी असते की नाही, ते मला बघायला पाहिजे. वही राहू दे माझ्याकडे. पुढच्या शनिवारी ये. एकटा ये."

आठवडा कसा काढला, सांगता येत नाही. बुधवारी संध्याकाळी खोलीतला जोडीदार बाळू आला. हा श्रीपूरचा, साखर कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. त्याचं नेमलेलं घर त्याच वस्तीत होतं. चप्पल काढता काढताच म्हणाला, "लेका, तुझं वर्ष गेलं म्हण."

"का?"

"सोमवारी बाई तुझ्या नरसम्माच्या घरातनं बाहेर पडताना दिसल्या. ती बाई रडत होती. तिचा नवरा वारलाय की. वीसेक दिस झाले म्हणं. तुला कसं न्हाय माहीत? तू तर दर आठवड्याला जातोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन वस्तीच्या तोंडाशी गेलो. लांबूनच दिसलं. नरसम्मा मोकळ्या कपाळाने बसून विड्या वळत होती. शेजारी मुलगीही वळत होती. माझ्या वहीत मल्लेशम मेल्यानंतर तीन आठवडे माझ्याशी बोलत होता. शेवटच्या अहवालात तर तो हसलाही होता.

मी पुढे गेलो नाही. तिथेच उभा राहून एकच विचार केला, की बाईंनी प्राचार्यांना सांगितलं असणार. माझं नाव काढून टाकणार. वडिलांना बोलावून घेणार, आणि ते खाकी ड्रेसवरच कॉलेजात येणार. शनिवारी एकटा ये म्हणाल्या ते त्याचसाठी. बाई वर्षभर सगळ्यांवर संशय घेत होत्या, पण त्या दिवशी मी त्यांच्यावर जो घेतला तसा त्यांनी कुणावरही घेतला नसेल.

खोलीवर येऊन मी एक पत्र लिहिलं. डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, दुकानातून सुटा कागद आणून. संस्थेच्या अध्यक्षांच्या नावाने. कलशेट्टी बाई विडी कामगार बायकांना जमवून सरकारविरुद्ध सभा घेतात, नसबंदीला जाऊ नका म्हणून सांगतात, सोमवारीही अशीच सभा झाली. खाली लिहिलं, 'एक हितचिंतक'. स्टेशनजवळच्या पेटीत टाकलं, कारण तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

आज त्या पत्राचं वजन कुणाला कळणार नाही. तेव्हा एवढ्या तीन ओळी पुरत.

शनिवारी मी वहीच्या भीतीने बाईंच्या खोलीपाशी गेलो, तर खोलीला कुलूप. प्राचार्यांच्या केबिनमध्ये अध्यक्ष आणि साध्या कपड्यातले दोन अनोळखी पुरुष बसले होते. दार बंद होतं. तासाभराने बाई बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखाच. व्हरांड्यात आम्ही आठ-दहा जण होतो. कुणी पुढे झालं नाही. बाईंनी कोपऱ्यातली छत्री उचलली आणि म्हणाल्या, "तुमची फील्डवर्कची वेळ झाली की. इथे काय करताय?" आणि गेल्या.

त्यांनी राजीनामा दिला असं सोमवारी कळलं. पत्र कुणी लिहिलं याची कुजबुज आठवडाभर चालली. वर्गात एक अबोल मुलगा होता, त्याचा मामा पोलिसात. सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. मीही सोडलं.

मग एका दुपारी शिपायाने माझी वही आणून दिली. "बाईंनी जाताना दिलती. तुलाच दे म्हणल्या." माझ्या शेवटच्या अहवालानंतर बाईंच्या अक्षरात एक पान होतं. वर सोमवारची तारीख, म्हणजे मी पत्र लिहिलं त्याच्या तीन दिवस आधीची.

'नरसम्माकडे गेले. मल्लेशम वारून वीस दिवस झाले. ती म्हणाली, कॉलेजचा पोरगा दोनदा आला होता, चहा न घेता गेला. मुलीची शाळा बंद केली आहे. ती शाळा पुन्हा सुरू करणं हे मानेचं काम. पहिल्या भेटीला मी बरोबर जाईन, त्याला एकट्याने जमणार नाही. मागचे तीन अहवाल रद्द. नव्याने लिहावेत. याबद्दल कुणाशी बोलण्याचं कारण नाही.'

त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हत्या.

मी पास झालो. समाजकल्याण खात्यात नोकरी लागली. नरसम्माच्या घरी मात्र गेलो नाही. त्या मुलीच्या शाळेचं काय झालं, मला माहीत नाही.

बारा-तेरा वर्षांनी अक्कलकोट तालुक्यात एका गावी तपासणीला गेलो होतो. तिथल्या प्राथमिक शाळेत कलशेट्टी बाई मुलांना कानडीतून पाढे म्हणायला लावत होत्या. केस पांढरे झालेले. ओळख पटल्यावर त्यांनी बाकावर बसवलं, पाणी दिलं, वडिलांची चौकशी केली. मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पत्र, डावा हात, स्टेशनची पेटी.

बाई बराच वेळ खडूची पूड हातावरून झटकत राहिल्या.

"आणखी कुणाला सांगितलंस हे?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच, बाई."

"मी कुठं वाचलं होतं ते पत्र? मला काय सांगतोस? ज्यांनी वाचलं त्यांना जाऊन सांग की."

"बाई, माझी नोकरी..."

"मग नको सांगू. पण माफीबिफी मागायला माझ्याकडे येऊ नको. मुलं खोळंबलीत." त्या उठल्या आणि पुढचा पाढा सुरू झाला.

मी जीपमध्ये बसलो. प्रमोशन झाल्यावर सांगू म्हणालो. मग मुलीचं लग्न झाल्यावर. मग निवृत्तीनंतर. दरम्यान अध्यक्ष वारले, प्राचार्य वारले. तो अबोल मुलगाही गेला. बाई गेल्याचं मला त्यांच्या गावच्या एका शिक्षकाकडून सहा महिन्यांनी कळलं. गेल्या वर्षी मी संस्थेत जाऊन सगळं लेखी दिलं. तिथल्या तरुण कारकुनाने नाव दोनदा विचारलं आणि म्हणाला, "काका, इतकं जुनं दप्तर राहिलेलं नाही. या नावाच्या कुणी मॅडम होत्या हेच आमच्याकडे नाही." त्याने माझा कागद ठेवून घेतला, पण पोच दिली नाही.

म्हणून इथे लिहितो. कलशेट्टी बाईंनी वस्तीत एकही सभा घेतली नाही. त्या सोमवारी त्या नरसम्माच्या घरी एकट्या गेल्या होत्या, कारण मी गेलो नव्हतो.