आबांच्या करकरत्या वहाणा

आमचे चुलत आजोबा मूकपटात पडायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. इतर नट तलवारी चालवायचे, देव व्हायचे. आबा जिन्यावरून, बैलगाडीतून, एकदा तर राजाच्या सिंहासनावरून राजासकट पडले होते. तरुणपणी ते तालमीत जायचे. कुस्ती एकही मारली नाही, पण चितपट होताना असे काही पडायचे की जिंकलेल्याकडे कुणी बघायचंच नाही. कोल्हापुरात तेव्हा चित्रपट निघत होते. एका कंपनीवाल्यानं त्यांना तालमीतूनच उचललं.

पायात करकरत्या वहाणा. तळाच्या कातड्यात रानातलं कसलंसं बी घालून शिवलेल्या, पावलागणिक कर्र वाजणाऱ्या. मूकपटात आवाजाचं काय काम? पण आबांचा ताल त्यावर होता. तीन सावकाश पावलं, एक अडखळणं, दोन झटपट पावलं, की जमीन. हातानं कॅमेरा फिरवणारा माणूससुद्धा त्याच करकरीकडे कान लावून असायचा.

मग बोलपट आला. आवाज घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी वहाणा काढायला लावल्या. कापडी बुटात आबांचा ताल दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा मनगट मोडलं. पुढं जन्मभर त्यांनी थिएटरच्या दारात उभं राहून तिकिटं फाडली. त्यांच्या चित्रपटांचं एकही रीळ आज शिल्लक नाही. शिल्लक राहिल्या दोनच गोष्टी. वहाणा माझ्याकडे आल्या आणि पडणं माझ्या धाकट्या भावाकडे गेलं.

ही वाटणी मला कधीच मान्य नव्हती.

एका उन्हाळ्यात आबांनी आम्हा दोघांनाही परसात उभं केलं होतं. मी चार दिवस पडलो. पाचव्या दिवशी म्हणाले, "थोरल्या, तू बस पायरीवर. तू पडताना खाली काय सापडतंय का बघतोस."

भाऊ खी खी हसला. मी उन्हाळाभर पायरीवर बसून राहिलो. आबा त्या वहाणा घालून चालायचे, भाऊ मागून चालायचा आणि पडायचा. मी उठून का गेलो नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढं मी जुन्या मशिनरीच्या धंद्यात पडलो. गुऱ्हाळाचे चरक, इंजिनं, मोटारी. गडहिंग्लजपर्यंत एसटीनं हिंडून, माणसांशी भांडून, शाहूपुरीत स्वतःचं दुकान केलं. भावानं शाळेत पीटी शिकवली आणि आता तो पेन्शन खातो. आबा गेले तेव्हा मी त्यांच्या बायकोला, चुलत आजीला, नवं लुगडं दिलं आणि बदल्यात वहाणा उचलल्या. भावानं काहीच मागितलं नाही. त्याला मागावं लागतच नाही, हेच मला सलतं.

गेल्या महिन्यात एका कॉलेजानं मूकपटातल्या कोल्हापूरकर कलावंतांवर कार्यक्रम ठरवला. बोलावणं भावाला आलं. आबा कसे पडायचे ते तो मंचावर दाखवणार. सत्तरीचा माणूस! मला हे त्याच्या सुनेच्या व्हॉट्सॲपवरून कळलं. दोन दिवसांनी तो दुकानात आला.

"दादा, वहाणा पायजेत. एका दिवसापुरत्या."

"का? पडणं तर तुझ्याजवळ हाय की."

"त्या वाजल्याबिगर मला पडता येत न्हाय. आबांनी तसंच शिकवलंय."

इतक्या वर्षांनी गिऱ्हाईक माझ्या दारात आलं होतं. मी ताणून धरलं. "मंचावर माझी खुर्ची पायजे. वारस म्हणून माझं नाव आधी घ्यायचं. अन् वहाणा तुझ्या हातात न्हाय द्यायचो, मीच घेऊन येणार."

"बरं."

"आधी ऐकून तरी घे की!"

"ऐकलं की. बरं म्हटलं न्हवं?"

घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. सौदा माझ्या मनासारखा झाला आणि रात्रभर मी चडफडत राहिलो.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. माझं नाव आधी घेतलं गेलं, हारही पडला. मग मी कापडात गुंडाळलेल्या वहाणा काढल्या. काळ्याभोर, मऊसूत. भावानं पाय घातले आणि मंचावर चार पावलं टाकली.

आवाज नाही.

त्यानं पुन्हा चालून बघितलं. लोक कौतुकानं बघत होते, त्यांना काय ठाऊक. भाऊ माझ्या खुर्चीपाशी येऊन वाकला. "दादा, ह्या मुक्या झाल्यात. काय केलंस?"

"तेल पाजलं. दर दिवाळीला."

"अरे, कशाला?"

कशाला म्हणजे? करकरतंय ते तेल मागतंय, ह्या एका नियमावर मी दुकान उभं केलं. चरक करकरला की तेल, मोटार करकरली की तेल. आबांची एवढी मोलाची वस्तू मी कोरडी ठेवीन होय? हे सगळं मी त्याला सांगणार होतो, पण तो मंचाच्या मधोमध जाऊन नुसता उभा राहिला होता. पहिल्या रांगेत कुणीतरी खोकलं. आणि त्याचं तोंड मला दिसलं. आबा थिएटरच्या दारात उभे असायचे, तसं ते दिसत होतं.

माझ्यासमोर भाषणासाठी माइक ठेवला होता. मी तो ओढला आणि घशातून आवाज काढला. कर्र. कर्र. कर्र. मग अडखळण्यापुरती शांतता. ती किती लांब असते, हे त्या पायरीवर बसलेल्यालाच माहीत. मग कर्र-कर्र.

भाऊ पडला. हवेत क्षणभर आडवा झाला आणि असा पडला की सभागृह आधी घाबरलं, मग हसून लोळलं. उठून त्यानं धूळ झटकली, ती आबांसारखीच, डाव्या हातानं. लोक उभे राहिले. टाळ्या त्याला. मला एक बाई म्हणाल्या, "काका, तुम्हीपण आवाज छान काढलात हं."

तुम्हीपण!

भाऊ घामानं निथळत आला आणि त्यानं वहाणा काढून माझ्या पुढ्यात ठेवल्या. "तुझ्याबिगर झालं नसतं, दादा."

"म्हाईत हाय," म्हटलं आणि कापडात गुंडाळून घरी आणल्या.

वहाणा करणारा एक म्हातारा कारागीर म्हणाला, कोरड्या भुशात घालून ऊन दाखवा, तेल उतरलं तर बोलतील. मी त्या गच्चीवर ठेवल्यात. भाऊ रोज फोन करतो. "दादा, बोलल्या का?"

"न्हाय," मी म्हणतो.

परवा संध्याकाळी गच्चीचं दार लावून मी त्या पायात घातल्या. डावी एकदा कर्र झाली. त्याला अजून सांगितलेलं नाही.