खिडकीची फुली

आलापल्लीच्या सागवान डेपोत मी कारकून होते आणि माझी लहान लेक चंद्रपुरात माझ्या आईजवळ. बदलीसाठी मी साहेबांच्या हात धुऊन मागे लागले होते. शेवटी ते म्हणाले, "बाई, डेपोची मोजणी कॉम्प्युटरवर आणून द्या, मग तुमाले सोडतो."

घ्या! मला कुठं येत होतं ते? पण एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक सोपी स्क्रिप्टिंग भाषा सापडली. दोन ओळी लिहिल्या की पडद्यावर बटण उमटायचं. पहिलं उमटलं तेव्हा मी खुर्चीतच टाळी वाजवली, वेड्यासारखी. मग हळूहळू कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोजणीची खिडकी तयार केली. लठ्ठ्याची गोलाई टाका, लांबी टाका, बटण दाबा, घनफळ हजर.

अडचण भलतीच निघाली. आमचा मापारी लठ्ठ्यांची थप्पी मोजताना मध्ये थांबत नसे. थांबला तर कुठला लठ्ठा झाला ते विसरायचा, म्हणून आकडे एका दमात ओरडत सुटायचा. ते टाइप करणारे आमचे शिपाईभाऊ गडबडून खिडकी बंद करायची कोपऱ्यातली फुली दाबायचे आणि खिडकीसकट अर्धी थप्पी गायब. "बाई, गेलं न जी सारं!" मी जाम चिडले. एक ओळ लिहून फुलीच निकामी केली. आता थप्पी पुरी झाल्याशिवाय खिडकी बंदच होईना.

मग कामानं असा वेग घेतला की विचारू नका. डेपो खूश, साहेब तर इतके खूश की माझी बदली आली तेव्हा त्यांनीच ती अडवली. "तुमच्याबिगर हे कोनाले समजते? अजून एक वर्स राहा." मी हात जोडले, भांडले, रडलेसुद्धा. ते ढिम्म हलले नाहीत. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता मी. सगळं पुसून टाकावं असं कितीदा मनात आलं, पण हात धजेना. जीव जडला होता त्या मेल्या खिडकीवर.

बदली रद्द झाल्याचं सांगायला एसटीडी बूथवरून चंद्रपूरला आईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्यांनी लेकीला बोलावून फोन तिच्या हातात दिला.

"कोन बोलून राह्यलं?"

"अगं, मी आई."

"आई त घरी पोळ्या करून राह्यली," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.