कढईखालचा जाळ

त्या दिवसांत माझं नामस्मरण तोंडापुरतं उरलं होतं. हिंगोलीच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात मी नर्स आहे. तिथं इतकी माणसं जाताना पाहिली, की औंढ्याच्या नागनाथापुढं हात जोडले तरी मन कोरडंच राहायचं.

अशातच कुरुंद्याच्या एक आजी न्यूमोनियानं दाखल झाल्या आणि त्यांना भ्रम झाला. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात, घरचे म्हणाले वात चढला. ऑक्सिजनच्या मास्कमधली वाफ त्यांना हळद शिजवायच्या कढईची वाटायची. "माझी हळद करपून राहिली! काहून धरून ठेवलंस गं मला?" असं ओरडत त्या मास्क उपटायच्या. "आजी, तुम्ही दवाखान्यात आहात," असं मी समजवायला गेले की माझ्या हातात नखं रोवायच्या. एका दुपारी त्यांचा ऑक्सिजन फारच खाली गेला. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर हात बांधून घशात नळी घालावी लागेल." त्या वयात नळीवरून परत येणं किती अवघड, हे मला ठाऊक होतं. आजींचे हात धरून मी मनात एवढंच म्हणाले, 'नागनाथा, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ.'

शेजारच्या खाटेवरच्या भावाला भेटायला एक मुसलमान गृहस्थ आले होते. ते उठून जवळ आले. "सिस्टर, मी बोलू का जरा?" मी मान हलवली.

"मावशी, हळद बराबर शिजली. मी पाहून आलो. कढईखालचा जाळ बाहेर ओढला."

आजी थबकल्या. "कढई उतरवली?"

"व्हय. तुमी पडा आता."

आजींचे हात सैल पडले. मी मास्क लावला तेव्हा त्यांनी मान फिरवली नाही. नळीची वेळ आली नाही. पुढं त्या भानावर आल्या, तेव्हा माझ्या हातावरचे ओरखडे पाहून म्हणाल्या, "लेकी, तुला लई तकलीफ दिली का गं म्या?" मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

त्या गृहस्थांचे आभार मात्र राहून गेले. त्यांच्या भावाला त्याच संध्याकाळी नांदेडला हलवलं. स्वतःचं माणूस तसं पडलेलं असताना ते परक्या म्हातारीसाठी उठले, त्यांना कुणी उठवलं, याचा वाद मी घालत नाही. माझं बळ संपलं तिथं कुणीतरी उभं होतं, एवढं मी पाहिलं. आता हात जोडते तेव्हा त्या दोघा भावांसाठीही मागते. त्या गृहस्थांचं नाव मला ठाऊक नाही. देवाला ते सांगावं लागत नाही.