आमच्यात टीम सोडून जात नाहीत

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस आहे. इथं दोह्यात, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये माझा आवाज चार घरं पलीकडं ऐकू जातो, असं बायको म्हणते. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

पोरगा तेव्हा दोह्यातल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. जन्मापासून इथंच वाढलेला. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. पण पायात बॉल आला की गडी अस्सल कोल्हापूरचा. कॉलेजच्या टीममध्ये मधल्या फळीत खेळायचा आणि सगळा खेळ त्याच्याच पायातून जायचा. वर्ल्डकप यायचा होता. सगळा देश खणून ठेवला होता, मी स्वतः लुसैलला एका टॉवरच्या साइटवर धूळ खात होतो. त्या हवेत इथल्या क्लबांनाही जाग आली होती. कॉलेजच्या मॅचला त्यांची माणसं येऊन उभी राहायची, वहीत काहीतरी लिहायची, निघून जायची. टीममधली तीन-चार पोरं त्या वह्यांवर डोळे लावून होती. आमचं त्यात सगळ्यात पुढं.

त्याला क्लबकडून खेळायचं होतं. बाकी काही म्हणजे काही नको होतं. हे मला ठाऊक होतं, उगाच ठाऊक नव्हतं म्हणून हात झटकणार नाही.

आता थोडं माझं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा असतो. ज्या तालमीत वाढलास तिच्याकडूनच खेळायचं. दुसऱ्या पेठेकडून उतरलास तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. मी वीस वर्षांचा असताना मुंबईच्या एका कंपनीचा माणूस आमच्या दारात आला होता. कंपनीच्या टीमकडून खेळायचं आणि वर नोकरी. आमचे वडील उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्यात टीम सोडून जात न्हाईत.” त्या माणसाला पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. तालमीत त्यांचा सत्कार व्हायचा तेवढा बाकी राहिला. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. आणि निर्लज्जपणा बघा, पुढं तीच गोष्ट मी इथल्या गणपतीत, जेवणावळीत छाती फुगवून सांगायला लागलो. आमचे वडील म्हणजे काय माणूस, वगैरे वगैरे. सांगून सांगून मलाच तो मोठेपणा खरा वाटायला लागला.

थंडीतला एक शुक्रवार होता. मी मैदानाच्या कडेला थर्मास घेऊन उभा होतो आणि मनातल्या मनात कोचला शिव्या देत होतो. कारण मागच्या दोन मॅचमध्ये त्यानं माझ्या पोराला अर्ध्यातच बाहेर काढून एका सेकंड इयरच्या पोराला उतरवलं होतं. त्यावरून मी त्याच्याशी कडाक्याचं भांडलोही होतो. तेवढ्यात एका क्लबचा माणूस माझ्याजवळ आला. ट्युनिशियाचा, पन्नाशीचा, बोलायला अगदी सभ्य.

“आमच्याकडे इथंच वाढलेल्या परदेशी मुलासाठी एक जागा आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “एकच. रविवारपर्यंत नाव द्यायचंय. मुलगा तुमच्या व्हिसावर आहे, म्हणजे तुमची एनओसी लागेल. पण सीझन अर्ध्यावर आहे. कॉलेजची टीम सोडून तो लगेच येईल का?”

सरळ प्रश्न. गाढवालासुद्धा उत्तर देता आलं असतं. हो म्हणायचं, पेन मागायचं, सही करायची.

पण शेजारी आणखी दोन भारतीय बाप उभे होते, कान टवकारून. मी ताठ झालो. म्हणालो, “साहेब, आमच्यात टीम सोडून जात नाहीत. आधी कॉलेजची फायनल, मग बाकीचं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, छातीवर हात ठेवला, “माशाल्ला, चांगलं घर आहे,” म्हणाला आणि वही मिटून पलीकडं गेला.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आता पोराचा भाव वधारला! आता हा परत येणार, गळ घालणार, मग मी जरा आढेवेढे घेणार आणि मोठ्या मनानं हो म्हणणार. आपल्याकडं पहिल्या नकाराला कोण धरतं हो? पंगतीत पानावर आडवा हात धरून नको नको म्हणायचं आणि वाढप्यानं तरी वाढायचंच. अशा रीतीत जन्म गेला माझा. मॅच संपेपर्यंत मी त्याची वाट बघत होतो. तो आला नाही.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. पोरानं घास ताटात ठेवला. “तुम्ही काय म्हणालात?” त्यानं इंग्रजीत विचारलं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जोरात.

मग तो बोलला. दोन आठवड्यांपूर्वीच त्यानं ड्रेसिंगरूममध्ये सगळ्यांना विचारलं होतं. मी गेलो तर चालेल का? कॅप्टननं, एका सुदानी पोरानं, त्याला मिठी मारली होती. कोचनं त्याची जागा भरायला तो सेकंड इयरचा पोरगा तयार करायला घेतला होता, म्हणून तर याला अर्ध्यात बाहेर काढत होते. टीमनं आपलं पुढचं सगळं बघून ठेवलं होतं. टीमची काळजी करणारा जगात एकच शहाणा उरला होता. मी. आणि मला का नाही सांगितलं? तर क्लबनं विचारल्याशिवाय बाबांना सांगायचं नाही, ते सगळ्या दोह्यात वाजवतील, असं त्याचं आणि आईचं ठरलं होतं.

“अहो, समोरून विचारलं होतं ना?” बायको म्हणाली. “मग हो म्हणायला काय धाड भरली होती?”

पोरानं मला त्या माणसाचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुशैरिबच्या एका कॉफीच्या दुकानात मी त्याला गाठलं. एनओसी सही करून खिशात होती.

“तुम्ही नाही म्हणालात,” तो म्हणाला. “मग मी दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलाच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी तिथंच सही दिली. खलास.”

“मी तसं ‘नाही’ म्हणालो नव्हतो! एकदा परत विचारायचं होतंत!” मी ओरडलो. कॉफी देणारी बाई दचकली.

“परत कशाला विचारायचं?” त्याला खरंच कळत नव्हतं. “तुम्ही किती स्पष्ट बोललात. मी घरी बायकोलाही सांगितलं, असे वडील बघितले नाहीत.”

त्याच्यावर तरी किती चिडणार? मी बाहेर येऊन गाडीच्या टपावर इतक्या जोरात मूठ मारली की मनगट महिनाभर दुखत होतं.

कॉलेजनं फायनल जिंकली. फोटो आहे, पोरगा मागच्या रांगेत उभा आहे. पुढच्या वर्षी क्लबवाले आले ते त्या ज्युनियर पोराला बघायला. त्याला घेतलंही एकानं. टीमनं आणखी एक नवा मधला खेळाडू तयार केला. टीमचं काहीच अडलं नाही. चूल पेटायची कुणावाचून राहत नाही, हे आमची आई सांगायची ते मी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

पोरानं घरात कधी आवाज चढवला नाही. त्याचाच मला जास्त राग आला. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतं लेका!

वर्ल्डकपला काही महिने उरले होते तेव्हा त्याला लुसैलमध्ये एका डिझाइन ऑफिसात नोकरी लागली. व्हिसा अजून माझाच, म्हणून परत माझी एनओसी. त्यानं कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, सही कराल का? मी वाचलासुद्धा नाही, खिशातून पेन काढून सही केली आणि कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं तो उचलला, सही बघितली. आणि आयुष्यभर मला इंग्रजीत उत्तरं देणारा तो पोरगा मराठीत म्हणाला,

“ह्या वेळीही एकदाच विचारलं, बाबा. पण लगेच हो म्हणालात.”